वन-बीएचकेचा माळा, सासूबाईंची भांडी आणि दर दिवाळीचे आवरणे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात ४५० चौरस फुटांचे वन-बीएचके. घरात सासू-सासरे, पती-पत्नी आणि पाचवीतील मुलगी. दोन माळे, दोन दिवाण, तीन कपाटे, आणि सगळे काठोकाठ भरलेले. दर दिवाळीला चार दिवस खपून घर आवरले जाते आणि संक्रांत येईपर्यंत पुन्हा जैसे थे होते. सासूबाई काही टाकू देत नाहीत. अमेरिकेत असलेल्या दिरांची पुस्तके अजून माळ्यावरच आहेत. अशा घरात सुरुवात कुठून करावी आणि साठवणीसाठी कोणत्या प्रकारचे डबे किंवा खोकी विकत घ्यावीत?

डब्यांचे उत्तर आधी देते: आत्ता एकही घेऊ नका. लोकांची घरे लावून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि ज्या घरांत पसारा सर्वाधिक असतो, त्याच घरांत रिकामी प्लास्टिकची खोकी, चेनच्या पिशव्या आणि न वापरलेले कप्पे सर्वाधिक सापडतात, हे मी सातत्याने पाहत आले आहे. तुमचे घर गबाळे नाही. दिवाळीला चार दिवस कंबर कसून आवरणाऱ्या घराला आळशी कोण म्हणेल? मात्र त्या चार दिवसांत वस्तू कपाटातून माळ्यावर आणि माळ्यावरून दिवाणात जातात, घराबाहेर पडत नाहीत, कारण बाहेर नेमके कुठे जायचे ते कोणी ठरवलेलेच नसते. दाराशी ठेवलेली ‘द्यायच्या कपड्यांची’ पिशवी महिनाभर तिथेच राहते, मग पाहुणे येणार म्हणून दिवाणात जाते आणि पुढच्या दिवाळीला तीच पिशवी पुन्हा बाहेर निघते. त्यामुळे कपाट उघडण्याआधी त्यातून निघणारी वस्तू कोणाकडे आणि कोणत्या वारी जाणार, हे कागदावर लिहून काढणे ही खरी सुरुवात आहे.

संक्रांतीपर्यंतच घर का भरते, यालाही कारण आहे. दिवाळीत मिठाई आणि सुक्या मेव्याचे डबे येतात, आणि ‘डबा चांगला आहे’ म्हणून ते राहतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, मग आहेराची पाकिटे, शाली, टॉवेल आणि ओटीतले ब्लाउजपीस येतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे वाण येते, म्हणजे प्लास्टिकच्या डब्या, गाळणी, छोटे ट्रे आणि साबणदाण्या. यांतले काहीही तुम्ही मागितलेले नसते आणि परत करणेही रीतीला धरून नसते. यावर उपाय एकच, की या वस्तूंना घरात एक ठरलेला खण द्यावा आणि तो भरला की आलेल्या वस्तू तशाच पुढे द्याव्यात. ओटीचे ब्लाउजपीस तर फिरण्यासाठीच असतात. वीस तुकड्यांची चळत साठवण्यापेक्षा चार ठेवावेत. तुमच्याकडून जाणारे वाणही तीळ, गूळ, कडधान्य असे संपणारे असावे, म्हणजे निदान दुसऱ्यांच्या घरात तुमच्यामुळे भर पडणार नाही.

आता बाहेर जाण्याच्या वाटा. रद्दी आणि भंगार यांची वाट तुम्हाला ठाऊक आहे. फक्त रद्दीवाल्याला महिन्यातला ठरावीक रविवार सांगून ठेवा. बोहारीण अजून येत असेल, तर नेसण्याजोगे पण नको असलेले कपडे तिलाच द्यावेत. स्टीलचे भांडे मिळते हे सासूबाईंना पटते, मात्र आलेल्या भांड्यासाठी घरातले एक भांडे बाहेर काढण्याची अट आधी मान्य करून घ्यावी. संस्थांना कपडे देताना ते धुतलेले आणि बटणे शाबूत असलेले असावेत. फाटके कपडे गरजूंच्या नावाने पाठवणे मला अजिबात पटत नाही, त्यांची पायपुसणी करावीत किंवा ते कचऱ्यात जाऊ द्यावेत. जुने मोबाइल, चार्जर, वायरी आणि बंद पडलेला मिक्सर हा ई-कचरा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. काही मोठ्या दुकानांत किंवा अधिकृत संकलकाकडे तो देता येतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी दिसली तर मात्र रविवारची वाट पाहू नये. ती पेट घेऊ शकते, म्हणून ती न दाबता, न टोचता सर्वांत आधी घराबाहेर काढावी. मुदत संपलेली औषधे वेष्टनातून काढून, ओळखू येणार नाहीत अशी करून, घातक कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत द्यावीत.

सुरुवात माळ्यापासून करू नका. सगळ्यांना माळाच डोळ्यांसमोर येतो, कारण मनावर ओझे त्याचे असते. परंतु माळ्यावरची वस्तू वर्षातून एकदा लागते, आणि रोजची चिडचिड होते ती गुडघ्यापासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतच्या पट्ट्यातील कप्प्यांमुळे. एका प्रकारच्या सगळ्या वस्तू घरभरातून आणून एकाच ठिकाणी ढीग घालावा, अशी एक पद्धत अलीकडे लोकप्रिय आहे. ती ऐसपैस घरांत चालत असेल. पाच माणसांच्या ४५० चौरस फुटांत तो ढीग संध्याकाळी ज्या गादीवर झोपायचे तिच्यावरच येतो, आणि रात्री दहाला सगळे जसेच्या तसे आत कोंबले जाते. तुमच्या घरात एका बैठकीला एक कप्पा घ्यावा, आणि तो दीड तासात पुन्हा लागेल एवढाच असावा.

ओट्याखालच्या ट्रॉलीतील प्लास्टिकच्या डब्यांपासून आरंभ केला तर लवकर यश दिसते. सगळे डबे आणि सगळी झाकणे जमिनीवर काढून जोड्या लावाव्यात. हॉटेलातून आलेले काळ्या तळाचे डबे, आइस्क्रीमचे गोल डबे, श्रीखंडाचे डबे आणि मुलीच्या पहिलीतल्या शाळेचा डबा निघेल, आणि बरीचशी झाकणे कोणत्याच डब्याला बसणार नाहीत. जोडी न लागलेले सगळे लगेच बाहेर. हळदीने पिवळे पडलेले आणि कडेला तडे गेलेलेही बाहेर. उरलेल्यांतून पाहुण्यांना फराळ बांधून देण्यासाठी, म्हणजे जे परत आले नाहीत तरी चालेल असे, सहा ठेवावेत. या कामात भावना आड येत नाहीत, म्हणूनच ते पहिले करायचे. हात बसतो, आणि घरातल्या इतरांना त्या ट्रॉलीत मोकळी जागा दिसते.

वर्षभर वापरली नाही ती वस्तू काढून टाकावी, हा नियमही तुमच्याकडे तसाच्या तसा लावता येणार नाही. चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, आकाशकंदील, गौरींचे मुखवटे, रेनकोट, वाळवणाचा प्लास्टिकचा कागद यांचे वर्षातून काही दिवसच काम असते, तेवढे दिवस मात्र त्यांच्यावाचून अडते. अधिक महिन्याची आरास आणि वाणाची भांडी तर साधारण ३३ महिन्यांनी लागतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. मी दोन आवर्तनांचा नियम लावते. दोन गणपती किंवा दोन दिवाळ्या जाऊनही जी वस्तू खाली उतरली नाही, तिच्याबद्दल प्रश्न विचारावा. एका घरात दोन सोरे असतील, तर त्यांतला कोणता हाताला बरा बसतो ते सासूबाईंनी सांगावे आणि दुसरा नात्यातल्या नव्या घराला जावा.

सासूबाई टाकू देत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. बहुतेक घरांत त्यांना विचारला जाणारा प्रश्नच असा असतो की ‘नाही’ खेरीज उत्तर निघत नाही. ‘आई, हे आता काढून टाकू या का?’ या प्रश्नात निर्णय सुनेने घेतलेला असतो आणि सासूने फक्त मान डोलवायची असते. त्याऐवजी ‘आई, ही परात कोणाकडे जावी असे तुम्हाला वाटते?’ असे विचारून पाहा. वस्तू कोणाला द्यायची हे ठरवण्याचा मान त्यांचा राहिला की कित्येक वस्तू त्या स्वतःहून काढून देतात. दुसरे असे, की त्यांच्या गैरहजेरीत त्यांची एकही वस्तू हलवू नये. एक चिंधी जरी न विचारता गेली, तरी पुढची पाच वर्षे घरात न सापडणारी प्रत्येक गोष्ट ‘तेव्हा टाकली असणार’ या खात्यात जमा होते.

भांड्यांच्या बाबतीत एक दुपार राखून ठेवा आणि त्या दुपारी एकही भांडे देण्याचा आग्रह धरू नका. तांब्या-पितळेचे सगळे, घंगाळ, कळशी, सतेली, वेळण्या, पंचपात्री, खाली उतरवून ओळीने मांडावे. ओल्या फडक्याने काठ पुसला की त्यावर घातलेली नावे दिसू लागतात. टोच्याने पाडलेल्या बारीक ठिपक्यांची ती अक्षरे असतात. लग्नात कोणी दिले, कोणत्या गावाहून, तारीख १२-५-७४. ती नावे सासूबाईंना वाचू द्या, मुलीला वहीत उतरवून घेऊ द्या. यातून तीन गट आपोआप पडतात. माहेरचे आणि जवळच्यांचे नाव असलेले ठेवावे, आणि ठेवायचे तर ते वापरात आणावे. पितळी पातेल्याला कल्हई करून घेतली तर त्यात आमटीही करता येते. कल्हई नसताना मात्र आंबट पदार्थ त्यात अजिबात ठेवू नये. ज्यांचे नाव आहे पण आपल्याला ती व्यक्ती आठवतही नाही, अशी भांडी त्या नात्यातल्या भाच्या-पुतण्यांना विचारावीत, कारण त्यांच्यासाठी ते आजीचे नाव असते. उरलेली बिननावाची, चेपलेली, तळ गेलेली भांडी मोडीत घालून त्या पैशांत सासूबाईंना हवी ती एखादी नवी वस्तू घ्यावी. ती काय असावी हेही त्यांनीच सांगावे. एका घरातल्या आजींनी मोडीच्या पैशांत हलका कुकर घेतला होता, कारण जुना त्यांना उचलत नव्हता आणि हे त्यांनी तोवर कोणाला सांगितलेच नव्हते.

साड्यांबद्दल थोडेच लिहिते. जरीची साडी वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिली तर त्या घडीवरच विरते, म्हणून दर काही महिन्यांनी घडी बदलावी आणि ती धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. डांबराच्या गोळ्या कपड्याला थेट लागू देऊ नयेत. घरात तान्हे मूल येणार असेल, तर त्याच्या दुपट्यांत आणि अंगड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. आपल्याकडे पणजीच्या पेटीतून काढलेले दुपटे तसेच बाळाला गुंडाळण्याची हौस असते, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटले. आधी ते धुऊन कडकडीत उन्हात वाळवावे.

कागदांच्या बाबतीत मी सर्वाधिक सावध असते, कारण इतर वस्तू चुकून गेल्या तर पुन्हा विकत आणता येतात. घरात बहुधा एक फुगलेली रेक्झिनची बॅग असते आणि सासरे तिला कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांचे बरोबर आहे, पण त्या बॅगेतले तीन चतुर्थांश कागद निरुपयोगी असतात आणि खरे मोलाचे चार कागद त्यांत दबलेले असतात, हेही तितकेच खरे आहे. घराचा मूळ करारनामा, आधीच्या सर्व मालकांचे करारनामे, मुद्रांक शुल्काची पावती, इंडेक्स टू (म्हणजे नोंदणी कार्यालयातील नोंदीचा उतारा), सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि नामनिर्देशनाची पोच हे सर्व एकत्र, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. चाळीत पागडीची खोली असेल तर तिच्या जुन्या भाडेपावत्या कधीही टाकू नयेत. घरात मोठी दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम केले असेल तर त्याची बिले ठेवावीत, कारण घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात ती कामी येऊ शकतात. प्राप्तिकर विवरणपत्रे आणि त्यांना जोडलेले पुरावे मी आठ वर्षे ठेवायला सांगते. वीज, गॅस, फोन यांची बिले वर्षभर पुरे.

या बॅगेत दोन गोष्टी हमखास दुर्लक्षित असतात. एक म्हणजे जुने कागदी शेअर. १ एप्रिल २०१९ पासून ते विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, आणावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झालेले असू शकतात, पण तेथूनही अर्ज करून परत मागता येतात. तेव्हा कंपनीचे नाव ओळखीचे नाही म्हणून तो कागद फाडू नये. दुसरी गोष्ट म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा. जात पडताळणीसाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तो पिवळा, घडीवर फाटलेला कागद नातवंडांच्या प्रवेशाच्या वेळी शोधत गावोगाव फिरावे लागते. मोडी लिपीत लिहिलेला कागद तर वाचता येत नाही म्हणून मुळीच टाकू नये, आधी मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवावा. मूळ कागद लॅमिनेट करू नयेत. गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या वर्ष-दोन वर्षांत कोऱ्या होतात, तेव्हा महत्त्वाच्या पावत्यांची आत्ताच छायाप्रत काढून ठेवावी.

हे सगळे मार्गी लागल्यावर माळा. तो पावसाळ्यात काढू नये, कारण निघालेले काहीच वाळवता येत नाही आणि दमट वस्तू परत वर गेल्या की बुरशी आणि कसर दोन्ही येतात. पितृपंधरवड्यात घरात नवीन खरेदी होत नाही, म्हणून तो काळ कपाटे आणि कागद यांच्यासाठी चांगला, आणि दसऱ्यानंतर ऑक्टोबरचे ऊन पडले की माळा. दिवाळीच्या तोंडावर मात्र नको, त्या घाईत निर्णय होत नाहीत. आधी जड वस्तू. पुस्तके माळ्यावर ठेवूच नयेत. ५०० कोऱ्या पानांचे एक रीम सव्वादोन किलोंच्या आसपास भरते, त्यावरून अभियांत्रिकीच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी किती जड असेल याचा अंदाज करा. सत्तरीच्या सासऱ्यांनी ती स्टुलावर चढून उतरवणे तर विचारात घ्यायलाच नको. दिरांना व्हिडिओ कॉल लावून एकेक पुस्तक दाखवावे आणि त्याच बैठकीत ‘ठेवायचे’ की ‘द्यायचे’ हे त्यांच्याकडून घ्यावे. ‘पुढच्या खेपेला येईन तेव्हा बघू’ हे उत्तर स्वीकारू नये. ठेवायची म्हटली तर एका बॅगेत मावतील तेवढी, आणि ती पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत जातील. जुनी क्रमिक पुस्तके ग्रंथालये सहसा घेत नाहीत, पण जुने दिवाळी अंक आणि दुर्मीळ मराठी पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी चौकशी जरूर करावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे, निदान तुम्हाला दूर जायला नको. फोन करून विचारावे आणि मगच पिशवी उचलावी.

थर्माकोलचे मखर माळ्यावर असेल तर ते पुन्हा वर जाऊ नये. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि उंदरांना ते फार आवडते. टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांची मूळ खोकी हमी संपल्यावर काढून टाकावीत. घर बदलताना उपयोगी पडतील, हे कारण मी प्रत्येक घरात ऐकते, आणि घर बदलताना सामान हलवणारे त्यांची स्वतःची खोकी घेऊन येतात. माळ्यावरून निघालेले काही जिन्यात किंवा सामाईक वाटेत ‘दोन दिवस’ ठेवू नका. आग लागली तर तीच बाहेर पडण्याची वाट असते. चपलांचा स्टँड तिथे असेल तर तोही आत घ्यावा, शेजाऱ्यांचा बाहेर असला तरी.

मुलीच्या वस्तूंत तिचा सल्ला घ्या. चित्रे आणि हस्तकला यांचा वर्षाचा एक फोल्डर, त्यात मावेल तेवढेच, आणि निवड तिची.

आता डबे. कपाट, ट्रॉली आणि माळा रिकामा करून लागले, त्यानंतर महिनाभर तसेच चालवून पाहावे. जिथे वस्तू पुन्हा पुन्हा सांडतात किंवा मिसळतात, तिथेच डबा लागतो. तो घेण्यापूर्वी कप्प्याची खोली, रुंदी आणि उंची टेपने मोजावी, कारण दुकानात अंदाजाने घेतलेले खोके अर्धा इंच जास्त निघते आणि मग ते बाल्कनीत जाते. चौकोनी घ्यावे, गोल नको. एकामागे एक दोन रांगा लागतील असे घेऊ नये, मागची रांग कोणी पाहत नाही. माळ्यासाठी झाकणाची, पारदर्शक आणि भरल्यावर घरातील सर्वांत अशक्त माणसालाही उचलता येतील एवढीच. अंथरुणे-पांघरुणे आणि गोधड्या मात्र खोक्यात न घालता जुन्या सुती चादरीत बोचके बांधून ठेवाव्यात. दिवाण बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो दोन-तीन इंच पुढे ओढावा, पावसाळ्यात भिंतीची ओल थेट आत उतरते. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा, आणि कोणत्या क्रमांकात काय आहे त्याची यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि पेन्सिलीने लिहावी. सासूबाईंना ती चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे आणि वस्तू हलली की मुलीला ती खोडून दुरुस्त करता आली पाहिजे.